पऱ्हाटीचा धूर, निकेलचा दाणा

पहाटे तुम्ही सुरतेतल्या उधना स्टेशनावर उतरता. गाडी भुसावळकडची. रात्रभर अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा अशी एकेक गावं मागे पडली. डब्यात अहिराणी इतकी दाटून होती की गुजरातची हद्द कधी लागली ते कुणाला जाणवलंही नाही. तुमच्या खांद्यावर पऱ्हाटीचा भारा आहे. कापूस वेचून झाला की शेतात उरते ती ही वाळकी कपाशी. उपटायची, बांधावर ढीग घालायचा आणि काडी ओढायची, असाच तिचा शेवट बहुतेक शिवारांत होतो. यंदा तुम्ही त्यातला एक भारा वाचवून आणला आहे.

"कथा चालना भाऊ, हाई लिसनी?" शेजारून जाणारा एक जण भाऱ्याकडे बोट दाखवत विचारतो. लिंबायतला, तुम्ही म्हणता. तिथे तुमच्या गावची अर्धी माणसं राहतात.

स्टेशनाबाहेर, रिक्षांच्या पलीकडे मोकळी जागा आहे. तिथे एक काडी मोडा आणि पेटवा. आता नीट बघा, पुढचा सगळा प्रवास या बघण्यातूनच होणार आहे. ज्योत काडीला चिकटलेली नाही. दोघींच्या मध्ये एक बारीक, काळपट फट आहे. पेटलेलं दिसतं ते लाकूड नव्हे. लाकूड तापतं, त्यातून वायू सुटतो, तो वर येऊन हवेला भेटतो आणि तिथे जळतो. इंधनवायू काडीत आहेच. तो ज्योतीच्या आधी हाती लागला पाहिजे.

काडी फुंकून विझवा. जड, पिवळट धूर निघतो, डोळ्यांना झोंबतो. त्यात बोट धरलंत तर चिकट तपकिरी डाग पडतो. हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा मिथेन हे त्या धुरातले कामाचे वायू. तो डाग म्हणजे डांबर. वायू गरम असेपर्यंत ते वाफेसारखं त्याच्यासोबत वाहतं आणि थंड जागा मिळाली की नळीत, झडपेत, पिस्टनवर बसतं. लाकडापासून गॅस करायला निघालेला प्रत्येक माणूस या डागाशी झगडला आहे.

काडी पुन्हा पेटवा. त्या फटीत बघत राहा. रिक्षांचे आवाज विरत जातात.

मराठी माणूस सुरतेत काळ मागे फिरवू लागला की त्याचा काटा १६६४ च्या जानेवारीतल्या लुटीवर अडतो. तुम्ही एक वर्ष आधीच उतरा. समोर बुऱ्हाणपूर दरवाजा आहे, अजून शाबूत आणि गजबजलेला. तुम्ही रुळांवरून एका रात्रीत आलात ती ताप्तीकाठची वाट तुडवत खानदेशातून बैलांचा तांडा आला आहे. पाठीवरची गोणी उतरवलेला एक बैल रवंथ करत बसला आहे. त्याच्या डाव्या कुशीला कान लावा.

आत गडगड चालली आहे. या कोटीपोटात ऑक्सिजन नाही, अंधार आहे, आणि अंगापेक्षा किंचित जास्त ऊब आहे. तिथे आर्किया नावाच्या घराण्यातले सूक्ष्मजीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मिथेन करतात. बैल तो ढेकरेतून सोडून देतो. त्या सूक्ष्मजीवांचं जे प्रथिन मिथेनचा शेवटचा टाका घालतं, त्याच्या मधोमध एका रेणूच्या कोंदणात निकेलचा एकेक अणू बसवलेला असतो. बैलाजवळ बसलेल्या तांडेवाल्याला हे कळायला अजून तीनशेहून अधिक वर्षं आहेत. जर्मनीत मारबुर्गला रुडॉल्फ थाउअर यांच्या गटाने १९८० च्या सुमारास त्या रेणूत निकेल असल्याचं दाखवून दिलं. गोबरगॅसच्या टाकीत आज हेच जीव हेच काम करतात. म्हणजे कुडाकचऱ्याचा गॅस करणारा धातूचा उत्प्रेरक माणसाच्या कितीतरी आधीपासून या वाटेवर चालत होता, बैलाच्या पोटातून.

आता त्याच बैलापुढे पऱ्हाटी धरा. तो हुंगेल, एखादं सुकलं पान ओढेल आणि काडी सोडून देईल. काडीला काडीपण देणारं लिग्निन त्या सूक्ष्मजीवांच्या हाती लागत नाही. शेण, उष्टं-खरकटं, गवत यांना टाकी पुरते. लाकडाला आगच लागते.

१८३४ मध्ये फार थांबू नका. मुंबईत माझगावला एका बंगल्यात आणि त्याच्या बागेत गॅसचे दिवे लागले आहेत आणि गव्हर्नर लॉर्ड क्लेअर ते बघायला आला आहे. बंगला अर्देशीर कर्सेटजी वाडियांचा. हे घराणं सुरतेचं. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी इथून जहाजं बांधायला १७३६ मध्ये मुंबईला गेले. अर्देशीर पुढे १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले. सुरतेच्या सुतारांच्या रक्तातला एक माणूस वायू नळीत घालून घरात आणतो, एवढं डोळ्यांत साठवा. पुढच्याच वर्षी, १८३५ मध्ये, स्वीडनमध्ये रसायनज्ञ बर्झेलियसने स्वतः न संपता दुसऱ्यांची गाठ घालून देणाऱ्या पदार्थांच्या शक्तीला नाव दिलं. त्यातूनच कॅटॅलिस्ट हा शब्द आला. मराठी पुस्तकांनी त्याला उत्प्रेरक म्हटलं.

फट पुन्हा उघडते आणि तुम्ही थंडीत, फ्रान्सच्या तुलूझ शहरात. साल १९०२. पॉल साबातिए यांच्या टेबलावर काचेची नळी आहे आणि तिच्यात निकेलची करडी भुकटी. लुडविग मॉन्ड यांच्या कारखान्यातल्या निकेलच्या झडपा कार्बन मोनॉक्साइडने खाऊन टाकल्या, आणि त्याचा छडा लावताना १८९० मध्ये निकेलचं एक वायुरूप संयुग सापडलं. साबातिएंनी त्यातून हेरलं की हा धातू वायूंना जवळ करतो. आज ते आणि त्यांचे सहकारी सांदरां नळीच्या एका टोकाने कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सोडत आहेत. नळी तीनशे अंशांच्या आत-बाहेर तापली आहे. दुसऱ्या टोकाला मिथेन आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. बैलाच्या पोटातला निकेलचा शेवटचा टाका काचेच्या नळीत घातला जातो, आणि तोही काही क्षणांत. दहा वर्षांनी साबातिएंना नोबेल मिळेल आणि तरीही ते तुलूझ सोडणार नाहीत.

धातूच्या अंगावर काय घडतं ते समजून घ्यायचं तर क्षणभर रेणूएवढे लहान व्हा. तुम्ही कार्बन मोनॉक्साइड आहात. तुमच्यातला कार्बन आणि ऑक्सिजन एकमेकांना घट्ट धरून आहेत. हवेत तरंगत असताना कुणी तुम्हाला सोडवू शकत नाही. निकेलवर टेकलात की कार्बनची एक बाजू धातूला लागते, ऑक्सिजनवरची पकड सैल होते. शेजारी हायड्रोजनचे जोडीदार आधीच फुटून एकेकटे बसलेले आहेत. ते सरकत येतात, एक, दोन, तीन, चार. कार्बनभोवती चौघं जमले की निकेलला धरून राहायला तुमच्याजवळ काही उरत नाही. तुम्ही सुटता, आणि आता तुम्ही मिथेन आहात. निकेलची जागा पुढच्याला मोकळी.

एवढं सोपं असेल तर पऱ्हाटी अजून बांधावर का जळते? याचं उत्तर बघायला १९४३ मध्ये चला.

साक्रीकडून नवापूरला जाताना कोंडाईबारीचा घाट लागतो. युद्ध चालू आहे, पेट्रोल रेशनवर आहे. घाटाच्या पायथ्याशी सर्व्हिस मोटार उभी आहे आणि तिच्या पाठीला पुरुषभर उंचीची लोखंडी टाकी जोडलेली आहे. क्लीनर टाकीत वरून लोणारी कोळसा ओततो, खालून पेटवतो आणि हाताने पंखा फिरवत बसतो. घामाने निथळतो. मग नळीच्या तोंडाशी काडी धरून बघतो. ज्योत धरली, निळसर, स्थिर. "आला गॅस!" ड्रायव्हर हँडल मारतो. तुम्ही चढता. चढ सुरू झाला की मोटार धापा टाकते, कारण हवेतून आलेल्या नायट्रोजननेच त्या गॅसचा निम्मा भाग व्यापलेला आहे. नायट्रोजन जळत नाही, नुसता बसून प्रवास करतो. वळणावर सगळ्यांना उतरून ढकलावं लागतं.

ढकलता ढकलता तुमचं लक्ष जंगलाकडे जातं. चहूकडे लाकूड आहे, मग टाकीत लाकूडच का टाकत नाहीत? क्लीनरला विचारा. तो एक जुनी झडप दाखवेल, काळ्या चिकट थराने जाम झालेली. लाकूड टाकलं की डांबर इंजिनात जातं. म्हणून आधी भट्टीत लाकडाचा कोळसा करायचा, डांबर तिथेच धुरात उडवून द्यायचं आणि उरलेला स्वच्छ कोळसा टाकीत घालायचा. त्या धुराबरोबर लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णताही उडून जाते. मोटार सुरतेच्या दिशेने खोकत निघते. टाकीजवळ फार वेळ उभे राहू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच माणूस नेतो.

डांबर उडवून देण्याऐवजी फोडता आलं तर? डांबरही कार्बन आणि हायड्रोजनच असतं, कड्यांत अडकलेलं. कड्या तोडल्या की त्याचाही गॅसच होतो. ती हत्यारं तुम्हाला हजिऱ्यात दिसतील. वाटेत नव्वदच्या दशकातल्या फलटणवरून जा. तिथे निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांचे सहकारी उसाच्या पाचटावर आणि बगॅसवर चालणारं गॅसिफायर बांधून चालवत आहेत. पाचट म्हणजे शेतकरी फडातच पेटवून देतो ती वस्तू, हलकी, फुगीर, राखेने भरलेली, गॅसिफायरला नकोशी. तरी त्यांनी तिच्यापासून भट्ट्यांना उष्णता देणारा गॅस काढून दाखवला. मला या कामाचा फार आदर वाटतो, कारण ते हातात असलेल्या कचऱ्यापासून सुरू झालं. गरम गॅस तसाच भट्टीत नेऊन जाळला तर त्यातलं डांबरही जळून जातं, उत्प्रेरकाची गरज पडत नाही. पण तो गॅस नळाने दुसऱ्या गावच्या स्वयंपाकघरात न्यायचा असेल, तर तो धुवून, फोडून, मिथेन करूनच न्यावा लागतो.

हजिरा, १९८६. ताप्ती इथे समुद्राला मिळते. समुद्रातल्या विहिरींचा गॅस इथे किनाऱ्याला लागतो. त्यात गंधक आहे, म्हणून ओएनजीसीच्या प्रकल्पात तो आधी गोड करतात. 'गोड' हा तिथला रोजचा शब्द आहे, आणि मला तो आवडतो. कृभकोचा खत कारखाना नुकताच सुरू झाला आहे. डोक्यावर हेल्मेट चढवा आणि रिफॉर्मरजवळ या. भट्टीच्या भिंतीला झडपेचं छोटं भोक आहे. काळी काच डोळ्यांसमोर धरून आत बघा.

उभ्या नळ्यांच्या रांगा नारिंगी तेजाने उजळल्या आहेत, काही पुरुष उंच. त्यांच्याभोवती ज्वाळा आहेत आणि आत निकेल, भोकं पाडलेल्या चिनीमातीच्या मण्यांसारख्या गोळ्यांवर पसरलेलं. आठशे अंशांच्या आसपास मिथेन आणि वाफ त्या गोळ्यांमधून जातात आणि हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड होऊन बाहेर पडतात. साबातिएंच्या नळीत जे घडलं त्याच्या बरोबर उलट, धातू मात्र तोच. उत्प्रेरक कुणाची बाजू घेत नाही. तो जाण्याची आणि येण्याची दोन्ही दारं उघडतो. कुठल्या दाराने गर्दी होणार ते तापमान आणि दाब ठरवतात. याच कारखान्यात थोडं पुढे गेलात तर एक मिथेनेटर आहे. अमोनियाच्या उत्प्रेरकाला उरलासुरला कार्बन मोनॉक्साइड सहन होत नाही, म्हणून तीनशे अंशांजवळ निकेलवरच त्याचा पुन्हा मिथेन करून टाकतात. एका आवारात निकेल मिथेन फोडतंही आहे आणि जोडतंही आहे.

रिफॉर्मरच्या आधी झिंक ऑक्साइडने भरलेलं एक भांडं पहारा देत असतं. गोड केलेल्या गॅसातही गंधकाचा अंश राहतो, आणि दहा लाखांत एखाद-दुसरा भाग गंधक जरी सतत येत राहिलं तरी ते निकेलच्या जागा धरून बसतं आणि उठत नाही. आता तुमच्या खांद्यावरच्या भाऱ्याकडे बघा. पऱ्हाटीत गंधक आहे, क्लोरीन आहे, आणि राखेत भरपूर पोटॅश आहे, जे तापलं की वितळून चिकटतं. समुद्रातला गॅस जे सोवळं पाळून निकेलपर्यंत येतो, ते शेतातल्या काडीला कसं जमावं?

आणखी एक गोष्ट इथेच लक्षात येते. या कारखान्यातून युरियाची पोती बाहेर पडतात आणि ती कपाशीच्या शेतांतही जातात. युरियातला हायड्रोजन निकेलवरून आलेला. तुमच्या हातातल्या काडीने जो नत्र खाल्ला, त्याच्या मागे कुठेतरी हा नारिंगी उजेड असू शकतो.

आता परत आपल्या काळात या, पण लिंबायतला पोचायच्या आधी सुरतेतल्याच एका प्रयोगशाळेत बसा. एक विद्यार्थिनी निकेल नायट्रेटचे हिरवेगार खडे पाण्यात विरघळवते. त्या हिरव्या पाण्यात ॲल्युमिनाची पांढरी भुकटी ढवळते, आटवते, भट्टीत भाजते. तपकिरी वाफा निघून जातात. मग नळीत घालून गरम हायड्रोजन सोडते आणि भुकटी काळी होते. त्या काळ्या दाण्यांवर निकेलचे इतके बारीक कण विखुरलेले आहेत की चिमूटभर भुकटीचा पृष्ठभाग एखाद्या खोलीभर अंथरता येईल. नळीच्या एका टोकाला काडीचा धूर लावला की दुसऱ्या टोकाला डांबराचा डाग उमटत नाही. पांढऱ्या कापसाच्या बोळ्यावर बोट फिरवून बघा, कोरडा आहे. हा क्षण सुंदर आहे.

आणि तो टिकत नाही. काही तासांनी बोळा पिवळा पडू लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्या दाण्यांवर कार्बनचे केस उगवलेले दिसतात. डांबरातला कार्बन निकेलच्या कणात शिरतो, खालून बाहेर पडतो आणि वाढत वाढत त्या कणालाच देठावरच्या कळीसारखा उचलून घेतो. हवा सोडून कार्बन जाळून टाकता येतो, पण त्या उष्णतेने बारीक कण एकमेकांत मिसळून जाड होतात आणि काम करणारी जागा घटते. मग विद्यार्थिनी सिरियम ऑक्साइड मिसळते, त्याच्याजवळ कार्बन जाळायला ऑक्सिजन असतो. किंवा निकेलच्या आधी डोलोमाइटच्या स्वस्त दगडाचा थर ठेवते. जाड डांबर तोच फोडतो आणि खराब झाला तर फेकून देता येतो. रुथेनियम निकेलहून तिखट आणि चिवट आहे, पण इतकं महाग की शेतकऱ्याच्या काडीसाठी ते वापरायचं म्हणजे छाती दडपते.

कोपऱ्यात केळीचा खांब कापून ठेवला आहे. जळगावपासून कामरेजपर्यंत घड उतरवल्यावर असे खांब पडून राहतात. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. वाळवायला जेवढी उष्णता लागेल तेवढी त्याच्यातून निघणारही नाही. त्याच्यासाठी वेगळी वाट आहे. पाणी ३७४ अंश आणि २२१ बारच्या पुढे नेलं की ते पाणीही राहत नाही आणि वाफही राहत नाही. त्या अवस्थेत ओला लगदा विरघळतो, आणि रुथेनियम किंवा निकेल असेल तर थेट मिथेन देतो. स्वित्झर्लंडमध्ये फिलिगनला यावर कित्येक वर्षं काम झालं आहे. त्या अवस्थेत क्षार मात्र विरघळत नाहीत आणि नळ्या तुंबवतात, म्हणून ते आधी वेगळे काढावे लागतात.

मोठं करून दाखवलंय का कुणी? स्वीडनमध्ये गोथेनबर्गला २०१४ मध्ये लाकडापासून केलेला मिथेन शहराच्या गॅसवाहिनीत सोडला गेला, २० मेगावॅटच्या प्रकल्पातून. तंत्र चाललं. २०१८ मध्ये तो बंद झाला, कारण तो गॅस बाजारातल्या गॅसपेक्षा महाग पडत होता. मला हे अपयश वाटत नाही. निकेलने आपलं काम केलं होतं, हिशेब बाजाराचा होता. त्या हिशेबात बांधावरच्या ढिगाचा धूर, तो ज्यांच्या छातीत जातो त्यांचा खोकला आणि दूरच्या समुद्रातून आणलेल्या गॅसची किंमत धरली, तर आकडा वेगळा येईल असं मला मनापासून वाटतं. नळ आहेतच. जानेवारी २०२३ मध्ये सुरतेजवळ कवासला एनटीपीसीच्या वसाहतीत घरगुती गॅसच्या नळात पाण्यापासून काढलेला हायड्रोजन मिसळायला सुरुवात झाली. नेहमीच्या शेगड्यांवर चहा उकळला.

लिंबायतला पोचेपर्यंत ऊन चढलं आहे. लूमचा खडखडाट गल्लीभर. ज्या घरी तुम्ही आलात तिथल्या मावशींनी दार उघडताच भाऱ्याकडे बघितलं, तुमच्याकडे नंतर. ओट्यावर नळाच्या गॅसची निळी ज्योत आहे, तव्यावर कळण्याची भाकरी. तुम्ही उत्साहाने सांगू लागता: ही काडी आहे ना मावशी, हिच्यातनं असाच गॅस निघतो, मध्ये एक धातू ठेवला की धूर राहत नाही, डांबर राहत नाही. त्या भाकरी उलटता उलटता ऐकतात. सगळं ऐकतात.

"आणि गावले करता यी का हाई?"

गावाला करता येईल का. तुम्ही फलटणचं सांगता, गोथेनबर्गचं सांगता, केसांसारख्या कार्बनचं सांगता. त्या मान हलवतात. मग टोपलीतून चार हिरवी, टपोरी जळगावची वांगी उचलतात आणि तुमच्या भाऱ्यातल्या मूठभर काड्या सोडवून घेतात.

"गॅसवर भाजेल भरीतले चव नही ऱ्हास, भाऊ."

गच्चीवर विटांच्या मध्ये पऱ्हाटी पेटते. वांगी काळी पडतात, फुटतात, आत धूर शिरतो. तुम्ही वाकून बघता. काडी आणि ज्योत यांच्यामध्ये तीच बारीक काळपट फट. पिवळा धूर डोळ्यांना झोंबतो आणि वांग्याच्या सालीवर तपकिरी, चिकट डाग पडत जातो. मावशी साल सोलतात, गर ठेचतात, मिरची आणि शेंगदाणे घालतात आणि पहिला घास तुमच्या हातावर ठेवतात.